विंडोजवरून मॅकबुकवर जायचंय, पहिलाच लॅपटॉप आहे, काय बघून घेऊ?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. घरी विंडोज १० चा जुना डेस्कटॉप, त्यावर वडिलांच्या दुकानाचं टॅली तुम्ही बघता, आता व्हिडिओ एडिटिंगचा क्लास लावलाय, लॅपटॉप पहिल्यांदाच घेताय आणि तो मॅकबुकच घ्यावा असं मनात आहे, बजेट लाखाच्या आसपास, कोणी म्हणतंय घे कोणी म्हणतंय पैसे पाण्यात जातील. मी पण कोल्हापुरातच, राजारामपुरीत लग्नाचे व्हिडिओ आणि अल्बम डिझाइनचं काम करतो, विंडोजवरनंच मॅकवर आलोय आणि आजही दोन्ही मशीन माझ्या टेबलावर शेजारी शेजारी चालू असतात, त्यामुळं दोन्हीकडचं सांगू शकतो.

माझं मत सरळ आहे. मॅकबुक घ्या, पण डेस्कटॉप विकू नका. आणि दुकानात जायच्या आधी एक कागद घेऊन आठवडाभरात कॉम्प्युटरवर तुम्ही जे जे उघडता ते सगळं लिहून काढा, सॉफ्टवेअर, प्रिंटर, डोंगल, कुणाकुणाच्या फाइल येतात, कुणाला पाठवता, सगळं. मशीन कुठलं हे त्या कागदावरनं ठरतं. लोक उलटं करतात, आधी मशीन घेतात आणि मग माझ्याकडं येऊन विचारतात की यात हे चालत का नाही.

तुमच्या कागदावर पहिली ओळ टॅलीची येणार. टॅली प्राइम हे विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, मॅकसाठी ते येत नाही. पूर्वीच्या इंटेलवाल्या मॅकवर बूट कॅम्पनं सरळ विंडोज टाकता यायचं, आताच्या ॲपलच्या स्वतःच्या एम सिरीजच्या चिपवर (एम१, एम२ वगैरे) ती सोयच नाही. पॅरलल्स नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात मॅकच्या आत विंडोज ११ ची एआरएमवाली, म्हणजे अशा चिपसाठीची वेगळी आवृत्ती चालते, पण पॅरलल्सचे पैसे वेगळे, विंडोजच्या लायसन्सचे वेगळे, आणि लॅपटॉपची रॅम दोघांत वाटली जाते. चार जण सांगतील की आमचं टॅली त्यात मस्त चालतंय, चालत असेलही, पण वडिलांच्या धंद्याची वर्षाची पुस्तकं अशा उसन्या मजल्यावर ठेवू नका असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. घरात चालू डेस्कटॉप आहे ना, टॅली तिथंच राहू द्या.

फक्त त्या डेस्कटॉपचं एक बघा. विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केलाय. मशीन बंद पडत नाही, पण सिक्युरिटीचे नेहमीचे अपडेट थांबलेत, वाढीव अपडेटची सोय आहे तीसुद्धा घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ चढतं का बघा, त्याला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा लागतो, मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं फुकट अ‍ॅप आहे ते टाकलं की होय नाही कळतं. चढत असेल तर चढवून घ्या. नसेल चढत तर त्या मशीनवर ब्राउझिंग, बँक, मेल सगळं बंद करा आणि तेवढं टॅली ठेवा. बँक आणि जीएसटीचं पोर्टल मॅकवर उघडा, टॅलीमधनं रिटर्नची फाइल काढायची, पेन ड्राइव्हवरनं इकडं आणायची आणि अपलोड करायची. दुकान वडिलांच्या एकट्याच्या नावावर असेल तर ओटीपीवर रिटर्न भरता येतं. कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर डिजिटल सहीचं डोंगल लागतं, मग ते काम विंडोजवरच करा, उगाच भानगड नको.

दुसरी ओळ क्लासची, आणि हे क्लासच्या सरांना उद्याच विचारा: एडिटिंग कशावर शिकवताय? आपल्याकडं लग्नाच्या एडिटिंगमध्ये एडियस वापरणारे भरपूर आहेत आणि एडियस फक्त विंडोजवर चालतं. सर एडियस शिकवणार असतील आणि पुढं तुम्हाला एखाद्या स्टुडिओत त्यावरच बसायचं असेल तर मॅक तुमच्यासाठी नाही, तेवढ्याच पैशात ग्राफिक कार्डवाला चांगला विंडोज लॅपटॉप घ्या आणि टॅली पण त्यातच टाका, एका मशीनमध्ये दोन्ही कामं होतील. प्रीमियर किंवा दा विंची रिझॉल्व्ह शिकवत असतील तर मॅक बिनधास्त घ्या. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती मॅकवर पण मिळते आणि शिकणाऱ्याला ती भरपूर पुरते.

हे सॉफ्टवेअरचं आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं आहे. इथं विंडोज लॅपटॉप घेतला की दुकानदार विचारतो, काय काय टाकून देऊ? आणि ऑफिस, फोटोशॉप सगळं क्रॅक केलेलं टाकून देतो. मॅक घेताना ती सवय इथंच सोडा. क्रॅक फाइलमधनं व्हायरस येतो तो मॅकमध्ये पण येतो, आणि दर मोठ्या अपडेटला ते सॉफ्टवेअर बंद पडायची भीती. त्यापेक्षा बजेटमध्ये सॉफ्टवेअरचे पैसे आधीच धरा. पेजेस, नंबर्स, कीनोट, आयमूव्ही ॲपलचं फुकट येतं, लिब्रे ऑफिस फुकट आहे. एक्सेल मॅकवर विकत मिळतं पण त्यात पॉवर पिव्हट (मोठ्या डेटाचं विश्लेषण करायची सोय) नाही, आणि डेटाबेसचं अ‍ॅक्सेस तर मॅकला येतच नाही. दुकानाच्या हिशोबाच्या साध्या शीटला काही अडत नाही.

आता मॉडेल. तुमच्या कामाला मॅकबुक एअर पुरतो. २०२० च्या नोव्हेंबरात एम१ चा एअर आला तिथनं हे मशीन एडिटिंगच्या लायकीचं झालं. एम४ चा एअर मार्च २०२५ मध्ये आला तेव्हा १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेजची किंमत ९९,९०० होती, दुकानात आणि ऑनलाइन कार्डच्या ऑफरमध्ये त्याच्या खाली मिळायचा, दसरा दिवाळीला सूट जास्त. त्याच्या पुढचं मॉडेल समोर असेल तर भाव विचारा, फरक थोडा असला तर नवं घ्या, जास्त असला तर एम४ घ्यायला अजिबात कचरू नका. कॉलेजचं आयडी असेल तर ॲपलच्या एज्युकेशन स्टोअरचा दर पण बघून ठेवा.

रॅम १६ जीबीच घ्या. यावर मी कुणाशी तडजोड करत नाही, कारण मॅकबुकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, ती चिपलाच जोडलेली असते, आज आठ घेतली की मशीन विकेपर्यंत आठच. ॲपलनंच ऑक्टोबर २०२४ मध्ये एम२ आणि एम३ च्या एअरमध्ये किंमत न वाढवता कमीत कमी १६ करून टाकली. दुकानदाराकडं जुना आठवाला पडलेला असतो आणि तो स्वस्तात द्यायला बघतो, नको म्हणा. स्टोरेजला मात्र पळवाट आहे. एम४ च्या एअरला २५६ वरनं ५१२ ला जायचे वीस हजार जास्त होते, तेवढ्यासाठी अडायची गरज नाही, २५६ घ्या आणि फुटेजसाठी बाहेरची एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घ्या, एडिटिंग तिच्यावरनंच करायचं. हार्ड डिस्क नको, फिरणाऱ्या डिस्कवर फोरके फुटेज अडखळतं. एअरला फॅन नसतो हे पण लक्षात असू द्या, एप्रिलमध्ये भर दुपारी तासाभराचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला तर मशीन तापतं आणि वेग कमी करतं. शिकताना चालतं. रोज दोन-दोन लग्नं एक्स्पोर्ट करायची वेळ आली की मॅकबुक प्रो बघा.

सेकंड हँडचा विषय तुम्ही काढला नाही पण कोणीतरी काढणारच, म्हणून लिहितो. इंटेलवाला मॅकबुक कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकला मिळणारी शेवटची मोठी आवृत्ती आहे, आणि ती पण सगळ्या इंटेल मॅकना मिळत नाही. ओळखायचं सोपं आहे, वर डावीकडच्या सफरचंदावर क्लिक करून अबाउट धिस मॅक उघडा, तिथं चिप आणि पुढं ॲपल एम१, एम२ असं लिहिलेलं असेल तर ठीक, प्रोसेसर आणि पुढं इंटेल लिहिलेलं असेल तर मशीन परत द्या. २०१६ ते २०१९ मधल्या मॅकबुकचे कीबोर्ड पण बदनाम आहेत, एक बटण दाबलं की अक्षर दोनदा यायचं नाहीतर यायचंच नाही.

एम१ किंवा एम२ चा वापरलेला घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्यालाच तुमच्यासमोर मशीन पूर्ण इरेज करायला लावा. मग तुमच्या मोबाइलचं हॉटस्पॉट जोडून सेटअप पहिल्यापासनं शेवटपर्यंत तुम्ही स्वतः करा. मधे जुन्या मालकाचा ॲपल आयडी मागितला तर मशीन त्याच्या नावावर लॉक आहे. आणि रिमोट मॅनेजमेंट असा स्क्रीन आला, खाली एखाद्या कंपनीचं नाव दिसलं, तर ते कंपनीच्या मालकीचं म्हणून नोंदलेलं मशीन आहे, ते तिथंच ठेवून उठा. विकणारा म्हणतो, वायफाय न जोडता सेटअप करा, काही होत नाही. नेट जोडलं की ते लॉक डोकं वर काढतं, म्हणून तर तो जोडू नका म्हणतो. मग सिस्टीम इन्फॉर्मेशनमध्ये पॉवरखाली बॅटरीचा सायकल काउंट, म्हणजे ती किती वेळा पूर्ण वापरली गेली ते बघा, या बॅटऱ्या हजार सायकलला मोजलेल्या असतात, सातशे-आठशे झालेल्या असतील तर नव्या बॅटरीचे पैसे धरूनच भाव करा.

पहिले पंधरा दिवस हात अडखळणार, त्याची तयारी ठेवा. कॉपी पेस्टला कंट्रोलऐवजी कमांड. लाल बटण दाबलं की खिडकी बंद होते, प्रोग्रॅम मागं चालूच असतो, तो बंद करायला कमांड क्यू. फाइल निवडून एंटर मारलं की ती उघडत नाही, तिचं नाव बदलायला लागतं, उघडायला कमांड ओ. कट करायला आधी कमांड सी आणि मग जिथं टाकायची तिथं कमांड ऑप्शन व्ही. काहीही शोधायचं असलं की कमांड आणि स्पेस, हे एकदा हाताला बसलं की विंडोजवर पण बोटं तेच शोधतात. मराठी कीबोर्ड सिस्टीममध्येच असतो, सेटिंगमध्ये इनपुट सोर्समधनं जोडायचा. कृतीदेवमधल्या जुन्या फाइली असतील तर तो फाँट मॅकमध्ये टाकावा लागेल, नाहीतर नुसती भलतीच अक्षरं दिसतात.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना अडवते. फोटोग्राफर हार्ड डिस्क आणून देतो, मॅकला लावली की सगळे फोल्डर दिसतात, व्हिडिओ पण चालतो, आणि तयार फिल्म त्यात टाकायला गेलं की पेस्टच होत नाही. डिस्क खराब नसते. ती विंडोजच्या एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली असते, मॅक ती वाचतो पण तिच्यात लिहीत नाही. तुमची स्वतःची एसएसडी आणि पेन ड्राइव्ह आधीच एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून ठेवा, दोन्हीकडं चालतात. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं, म्हणून आधी कॉपी काढा, आणि दुसऱ्याच्या डिस्कला तर हातच लावू नका.

प्रिंटर जुना असेल तर त्याचा मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर मॅकचा ड्रायव्हर आहे का बघा. एअरप्रिंटवाला (ड्रायव्हरशिवाय ॲपलच्या मशीनवरनं छापणारा) असेल तर काहीच करावं लागत नाही.

बॅकअपचं तेवढं मनावर घ्या. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपल्याकडं किती जणांच्या दुकानातले कॉम्प्युटर पाण्यात गेले ते तुम्हाला सांगायला नको. मॅकला टाइम मशीन आहे, एक वेगळी डिस्क लावून ठेवली की तो आपला आपण बॅकअप घेतो. डेस्कटॉपवरच्या टॅलीचा बॅकअप पण दर आठवड्याला मॅकवर आणा आणि तिथनं क्लाउडवर टाका, म्हणजे दोन्ही एकाच घरात राहणार नाहीत.

घ्यायच्या आधी मशीन हाताळून बघा. इथल्या दुकानात बघाच, पण पुण्याला जाणं झालं तर कोरेगाव पार्कला ॲपलचं स्वतःचं दुकान ४ सप्टेंबर २०२५ पासनं आहे, तिथं तासभर बसलं तरी कोणी उठवत नाही. तुमच्या एडिटिंगची एखादी फाइल घेऊन जा. वॉरंटी एक वर्षाची असते आणि सांडलेला चहा तिच्यात बसत नाही, त्यासाठी ॲपल केअर प्लस वेगळं घ्यावं लागतं, तेव्हा दुरुस्तीला थोडा ठरलेला खर्च येतो.

आणि बिल. लॅपटॉप दुकानाच्या कामाला पण वापरणार असाल तर वडिलांच्या जीएसटी नंबरवर बिल करता येतं का ते सीएंना आधी विचारा, ९९,९०० मध्ये १८ टक्क्यांनं सव्वापंधरा हजारांच्या आसपास जीएसटी असतो. दुकान जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची ठरावीक दराची योजना) असेल तर त्याचं क्रेडिट मिळत नाही. नंबर घालायचा असेल तर बिल निघायच्या आधी काउंटरवर सांगा, नंतर बदलून द्यायला बरेच दुकानदार नाही म्हणतात.