चाळीस-तीस-तीस जुळत नाही म्हणून रात्री अकराला पीनट बटर

"मॅडम, माझे मॅक्रोज रोज चुकतायत."

माझ्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला आलेल्या तिने खुर्चीत नीट बसायच्या आधीच हे सांगितलं आणि फोन माझ्यासमोर धरला. मॅक्रोज म्हणजे खाण्यातले तीन मोठे घटक, प्रोटीन, कार्ब्स (कर्बोदकं) आणि फॅट. ॲपमध्ये तीन रंगांचं गोल चित्र होतं, दिवसाच्या कॅलरींपैकी प्रोटीन 40 टक्के, कार्ब्स 30, फॅट 30. हे टार्गेट. प्रत्यक्षात रोज रात्री कुठेतरी 36 तर कुठेतरी 27 दिसायचं आणि मग ती फॅटचा आकडा गाठायला रात्री अकरा वाजता दोन चमचे पीनट बटर खायची. भूक नसताना, चित्र पूर्ण करायला. त्यात जवळपास 190 कॅलरी जायच्या, म्हणजे दिवसाचा हिशोब वर, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळचं खाणं बंद. आणि गंमत बघा, फॅटचा टक्का वर गेला की प्रोटीनचा आपोआप खाली येणारच, कारण शंभरात तिघांनाच बसायचंय. मी हसले नाही पण हसू येत होतं हे खरं.

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

वय 31, वजन 62 किलो. आठवड्यात चार दिवस पळणं, दोन दिवस वजनं उचलणं. ध्येय विचारलं तर तीन निघाली: चरबी कमी करायची, दंड-मांड्या घट्ट हव्यात आणि 10 किलोमीटर न थांबता पळायचंय. टक्केवारी जिममधल्या एका मित्राकडून घेतलेली, आणि ॲपमध्ये 'लवकर वजन कमी' निवडल्यामुळे एकूण कॅलरी 1300. तीन महिने झाले, सुरुवातीला वजन भराभर उतरलं, मग थांबलं, पळताना पाय दगडासारखे, चिडचिड, झोप कमी. बोलता बोलता हेही सांगितलं की पाळी दोनदा उशिरा आली. ते ऐकून मी वही मिटली आणि म्हटलं आधी डॉक्टरांना भेटा, मग आपण बोलू. कमी खाणं आणि जास्त व्यायाम यांनी पाळी बिघडू शकते पण दुसरी कारणंही असतात आणि ती शोधणं माझं काम नाही. रिपोर्टमध्ये वेगळं काही निघालं नाही, डॉक्टरांनीही खाणं वाढवायलाच सांगितलं.

दुसऱ्या भेटीत तिनेच सांगितलं "तू म्हणा हो मला", तर तसंच लिहिते.

हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, मॅडम टक्केवारी किती ठेवू. मी म्हटलं आपण आधी तुझे टक्के ग्रॅममध्ये करून बघू. एक ग्रॅम प्रोटीनमध्ये 4 कॅलरी, कार्ब्समध्येही 4, फॅटमध्ये 9. मग 1300 चे 40 टक्के म्हणजे 520 कॅलरी, म्हणजे 130 ग्रॅम प्रोटीन. तुझ्या वजनाला किलोमागे 2 च्याही वर. फॅट 43 ग्रॅम. आणि कार्ब्स साधारण 97 ग्रॅम, चार दिवस पळणाऱ्या बाईला! आता तुझा मित्र समजा 2600 कॅलरी खातो, तर त्याच 40 टक्क्यांचं त्याचं प्रोटीन होतं 260 ग्रॅम. टक्का एकच आणि ताटं बघ किती वेगळी.

ती कॅल्क्युलेटरवर स्वतः करून बघत होती. "म्हणजे टक्केवारी खोटी?"

खोटी नाही गं, ती हिशोबाच्या शेवटी निघते. आपण ती सुरुवातीला धरून बसतो तिथे घोळ होतो. शरीराला प्रोटीन लागतं ते वजनाच्या हिशोबाने, तू आज किती कॅलरी खाल्ल्यास त्याच्या हिशोबाने नाही. फारसा व्यायाम न करणाऱ्या माणसाला किलोमागे 0.8 ग्रॅम ही किमान शिफारस आहे, वजनं उचलणाऱ्याला 1.6 च्या आसपास बहुतेक फायदा मिळून जातो, वजन उतरवत असताना थोडं जास्त ठेवलं तरी चालतं म्हणजे स्नायू टिकतात. (किडनीचा आजार असेल तर हे आकडे लागू नाहीत, तिथे डॉक्टरच.) फॅटला एक तळ असतो, हार्मोन्सना लागतं, ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं त्याच्याशिवाय नीट शोषली जात नाहीत, मी किलोमागे 0.8 ग्रॅम धरते. या दोन जागा भरल्या की उरलेलं सगळं कार्ब्सना.

मग आम्ही तिचं मांडलं. एकूण 1700, कारण 1300 मध्ये एवढं पळणं बसतच नव्हतं. प्रोटीन 100 ग्रॅम, फॅट 50, उरल्या 850 कॅलरी म्हणजे 212 ग्रॅम कार्ब्स. तिने टक्के काढले आणि चेहरा पडला. कार्ब्स बरोब्बर 50 टक्के.

"पन्नास? पण कार्ब्स बंद केल्याशिवाय वजन उतरत नाही ना?"

यावर मी तिला 2018 सालचा स्टॅनफर्ड विद्यापीठाचा अभ्यास सांगितला. 609 लोक, वर्षभर, अर्धे कमी फॅटवर अर्धे कमी कार्ब्सवर. एका गटाचं वजन सरासरी 5.3 किलो उतरलं, दुसऱ्याचं 6.0, म्हणजे म्हणावा असा फरक नाही. पण दोन्ही गटांत काहींचं भरपूर उतरलं आणि काहींचं उलट वाढलं. मला त्यातला हाच भाग आवडतो, कुठला घटक कापला यापेक्षा आपल्याला वर्षभर काय झेपतं ते मोठं.

ध्येयाचं म्हणशील तर, पुढे स्नायू वाढवायचे ठरवलंस तर एकूण दोन-तीनशे कॅलरी वाढव, प्रोटीन जवळपास तेवढंच राहील. लांब पळायचं ठरवलंस तर कार्ब्स वाढव, प्रोटीन परत तेवढंच. ध्येय बदललं की प्रोटीनचा आकडा फार हलत नाही, एकूण कॅलरी आणि कार्ब्स हलतात. लोक नेमकं उलटं करतात, प्रोटीनचे डबे बदलत बसतात. आणि पीनट बटरला प्रोटीन समजत असशील तर शेंगदाण्यात 100 ग्रॅममागे 25 ग्रॅम प्रोटीन असतं आणि फॅट जवळजवळ 50 ग्रॅम. वाईट नाही, फक्त फॅटच्या रकान्यात लिही.

आता माझी चूक. नवीन हिशोब सुरू करून आठवडाही झाला नव्हता आणि तिचा मेसेज, वजन 1.3 किलो वाढलं, मी परत जुन्यावर जातेय. हे होणार हे मला माहीत होतं आणि मी आधी सांगायला विसरले. कार्ब्स स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून साठतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण 3 ग्रॅम पाणी बसतं. तीन महिन्यांपूर्वी सुरुवातीला वजन भराभर उतरलं त्यातलं बरंचसं हेच पाणी होतं, तेच आता परत आलं. मी फोन करून सांगितलं तर ती दोन मिनिटं गप्प, मग म्हणाली "म्हणजे मी तेव्हा पाण्याचा आनंद साजरा केला?" हो गं बाई, सगळेच करतात.

ती जुन्यावर गेली नाही, नव्या हिशोबावरच टिकली. पळायच्या दिवशी कार्ब्स थोडे जास्त, विश्रांतीच्या दिवशी थोडे कमी, एवढंच वेगळं केलं. वजन रोज न बघता आठवड्याची सरासरी बघायची ठरली, हे तिला सगळ्यात जड गेलं, दोनदा चोरून काट्यावर उभी राहिली आणि स्वतःच कबूल केलं. दहा आठवड्यांनी वजन 60.4, कंबर 3 सेंटिमीटर कमी, पाळी वेळेवर. 10 किलोमीटर अजून झाले नाहीत, आठवर धाप लागते.

ॲप तिने काढलेलं नाही, प्रोटीनचे ग्रॅम त्यातच बघते. ते गोल चित्र अजूनही लाल होतं म्हणे, पण रात्री अकरापर्यंत ती आता जागीच नसते.