वाचकांचे प्रश्न : तडकणारी काच आणि चुरा होणारी काच

प्रश्न : ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा लागून माझ्या मोटारीच्या पुढच्या काचेला तडे गेले, पण काच जागची हलली नाही. मागे दाराच्या काचेवर चेंडू बसला तेव्हा मात्र तिचा क्षणात चुरा झाला होता. दाराची काच हलक्या प्रतीची होती काय? नवी काच घेताना काय पाहावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या दोन्ही काचा नियमाला धरूनच फुटल्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० नुसार पुढची काच लॅमिनेटेड असणे सक्तीचे आहे. तिच्यात दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पारदर्शक पापुद्रा असतो आणि तुकडे त्यालाच चिकटून राहतात. दाराची काच बहुधा टफन्ड असते. ती सहाशे अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोताने एकदम थंड केलेली असल्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. हा तोल एका जागी बिघडला की सारी काच खडीसाखरेसारखी विखुरते.

या काचांची परीक्षा त्या फुटतात किती यापेक्षा फुटतात कशा यावर अधिक असते. संयुक्त राष्ट्रांच्या ४३ क्रमांकाच्या नियमावलीप्रमाणे टफन्ड काच टोकदार हातोडीने मुद्दाम फोडतात आणि ५ सेंटीमीटर बाजूच्या कोणत्याही चौकोनातले तुकडे मोजतात. ते ४० हून कमी भरले तर काच नापास होते, कारण तुकडे कमी म्हणजे ते मोठे आणि धारदार. (आघाताच्या जागेभोवतीचा व कडेचा थोडा भाग मोजणीतून वगळतात.) लॅमिनेटेड काचेच्या नमुन्यावर २२६० ग्रॅमचा पोलादी गोळा ४ मीटरवरून सोडतात; तो पाच सेकंदांत आरपार जाता कामा नये.

काचेच्या कोपऱ्यात न पुसणारी खूण असते, ती दुकानातच वाचावी. भारतीय काचेवर आयएसआय चिन्ह व आयएस २५५३ हा मानक क्रमांक, तर युरोपीय मान्यतेच्या काचेवर वर्तुळातील ‘ई’ व ४३आर असते. खूणच नसेल तर स्वस्ताईचा मोह नको. गडद फिल्मचा आग्रह कोणी धरला, तर पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे, हे ध्यानात असू द्यावे.

बसवण्याकडेही तितकेच लक्ष हवे. अनेक मोटारींत डावीकडची एअरबॅग फुगताना पुढच्या काचेचाच आधार घेते, म्हणून चिकटद्रव्य पुरते वाळेपर्यंत, कारागीर सांगेल तितका वेळ, गाडी रस्त्यावर काढू नये.