क्रूसयुद्ध, धर्मयुद्ध आणि आपला फिरंगी

प्रश्न असा आहे : मध्ययुगात जेरुसलेमसाठी ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यात जी युद्धे झाली त्यांना मराठीत 'धर्मयुद्ध' म्हणावे, 'क्रूसयुद्ध' म्हणावे की सरळ 'क्रुसेड' म्हणावे, आणि ती लढणारे लोक स्वतः कोणता शब्द वापरीत असत?

'धर्मयुद्ध' हा शब्द येथे चूक आहे, आणि अग्रलेखांपासून निवडणुकीच्या भाषणांपर्यंत तो इतक्या सराईतपणे फेकला जातो की आता ऐकवत नाही. आपल्या परंपरेत धर्मयुद्ध म्हणजे धर्मासाठी केलेले युद्ध नव्हे, तर नियम पाळून केलेले युद्ध. भीष्मपर्वाच्या आरंभी दोन्ही पक्ष जे ठरवितात, म्हणजे रथीने रथीशीच लढावे, शस्त्र टाकलेल्यावर किंवा पाठ फिरवलेल्यावर प्रहार करू नये, ते धर्मयुद्ध. मनुस्मृतीचा सातवा अध्याय विषारी बाण वर्ज्य ठरवितो तोही याच अर्थाने. आणि याच्या उलट ते कूटयुद्ध. ११८७ मध्ये हत्तीनच्या लढाईतील विजयानंतर मुसलमानांचा सुलतान सलाहुद्दीन याने हाती लागलेल्या टेम्पलर आणि हॉस्पिटलर या ख्रिस्ती संन्यासी-संघांच्या योद्ध्यांची मुंडकी उडवली, आणि ११९१ च्या ऑगस्टमध्ये खंडणी वेळेवर येत नाही म्हणून इंग्लंडच्या रिचर्ड राजाने एकर शहराबाहेर सुमारे २,७०० बंदिवान कापून काढले. ही दोन्ही कृत्ये देवाचे नाव घेऊन झाली. पण ज्याला महाभारतातील धर्मयुद्ध ठाऊक आहे तो त्यांना त्या नावाने हाक मारणार नाही. 'रिलिजन'साठी आपण 'धर्म' हा शब्द कामाला लावला, त्याची ही किंमत आहे.

लढणाऱ्यांचा शब्द कोणता, याचे उत्तर सोपे आहे. १०९५ मध्ये फ्रान्समधील क्लेरमाँ येथे पोप दुसरा अर्बन याने हाक दिली तेव्हा 'क्रुसेड' हा शब्दच नव्हता. लॅटिन लेखक या मोहिमेला 'यात्रा' किंवा 'प्रवास' अशा अर्थाचे शब्द वापरतात आणि अंगरख्यावर कापडी क्रूस शिवून निघालेल्यांना पुढे 'क्रुसाची खूण धारण केलेले' असे म्हणू लागतात. युद्धाचे नाव त्या खुणेवरून पडले, आणि इंग्रजीत तर ते बऱ्याच उशिरा रुळले. अरबीतही 'क्रुसाची युद्धे' हा शब्दप्रयोग एकोणिसाव्या शतकात युरोपीय भाषांवरून घडविलेला आहे. बाराव्या शतकातील अरबी लेखकांना क्रुसापेक्षा माणसे अधिक दिसत होती, आणि त्या माणसांना ते 'इफ्रंज' म्हणत.

खरी गंमत येथे आहे. इफ्रंज म्हणजे फ्रँक, मूळ अर्थाने फ्रान्सकडचे लोक. पहिल्या मोहिमेबरोबर गेलेला रेमों द'आगिलेर हा पाद्री लिहितो की सैन्यात बर्गंडी, ओव्हेर्न, गॅस्कनी येथील लोकांना प्रोव्हांसचे म्हणत आणि बाकीच्यांना फ्रँक, शत्रूच्या तोंडी मात्र सगळेच फ्रँक. सीरियातील शैझरचा सरदार उसामा इब्न मुन्किझ याने आपल्या आठवणींत सांगितलेला प्रसंग पाहावा. तो जेरुसलेमला गेला की तेथील टेम्पलर मित्र त्याला नमाजासाठी जागा रिकामी करून देत. एकदा एका फ्रँकने त्याला धरून त्याचे तोंड पूर्वेकडे वळविले आणि 'अशी प्रार्थना कर' म्हणून दरडावले. टेम्पलरांनी त्या इसमाला बाहेर काढले आणि उसामाची क्षमा मागितली : हा परका आहे, फ्रँकांच्या मुलखातून नुकताच आला आहे. क्षमा मागणारे स्वतःही फ्रँकच होते हे लक्षात घ्यावे.

हाच 'इफ्रंज' म्हणजे आपला फिरंगी. 'देशोदेशी फिरतो तो फिरंगी' ही व्युत्पत्ती जे पसरवितात त्यांनी उरलेल्या 'अंगी'चे काय करायचे तेही सांगावे. आणि कोशात 'फिरंगी : पोर्तुगीज' एवढेच लिहून थांबणाऱ्या विद्वानांनी अर्थ दिला, शब्द दिला नाही, कारण पोर्तुगीज स्वतःला फ्रँक म्हणवीत नव्हते. अरबीत शब्दारंभी जोडाक्षर चालत नाही म्हणून पुढे 'इ' आला आणि प्रमाण अरबीत 'ग' नाही म्हणून 'ज' झाला. फारसीने मात्र 'फरंग' असा 'ग' राखला. मराठीत 'फिरंजी' नाही, 'फिरंगी' आहे, त्यामुळे शब्द अरबी खलाशांकडून नव्हे, फारसी दरबाराकडून आला हे त्या एका 'ग'वरून कळते. तमिळमध्ये 'फ' नसल्याने तेथे 'परंगी' झाला, आणि चेन्नईचे सेंट थॉमस माउंट परंगिमलै म्हणून ओळखले जाते.

माझे मत असे की पोर्तुगीज येण्यापूर्वीच हे नाव त्यांची वाट पाहत होते. १४९८ मध्ये कालिकतला वास्को द गामाचा माणूस किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याला भेटले ते ट्यूनिसचे दोन मुसलमान, आणि त्यांनी चक्क कॅस्टिलच्या (म्हणजे स्पॅनिश) भाषेत 'तुम्हाला येथे कोणत्या सैतानाने आणले?' असे विचारले. त्यांना फ्रँक कोण हे शिकवावे लागणार नव्हते. शिवाय नाव अगदीच गैरलागू नव्हते : १३१२ मध्ये टेम्पलर संघ बरखास्त झाल्यावर पोर्तुगालमध्ये त्याची मालमत्ता १३१९ साली स्थापन झालेल्या ख्रिस्त-संघाकडे गेली, आणि त्याच संघाचा क्रूस गामाच्या शिडांवर होता.

पुढे मराठीने या शब्दाचा संसार मोठा केला. वसईकडचा पोर्तुगीज मुलूख ते फिरंगाण. विलायती पात्याची लांब सरळ तलवार ती फिरंग. चाकणचा किल्ला लढविणाऱ्या फिरंगोजी नरसाळ्याच्या नावात मला ही तलवारच दिसते. आयुर्वेदाचा ग्रंथकार भावमिश्र याने सोळाव्या शतकात 'फिरंग' नावाच्या रोगाचे वर्णन करून तो फिरंग देशात फार आढळतो म्हणून हे नाव, असे सरळ सांगितले आहे. मेक्सिकोहून आलेल्या काटेरी पिवळ्या धोत्र्यालाही फिरंगी धोत्रा म्हणतात.

मूळ प्रश्नाचे उत्तर राहिले. 'क्रूसयुद्ध' लिहावे. 'क्रूस' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांमुळेच रुळलेला आहे आणि युद्धाचे नाव त्या खुणेवरूनच पडले आहे. 'क्रुसेड' लिहायचेच असेल तर 'क्रु' ऱ्हस्व लिहावा. 'क्रूसयुद्ध' या समासात मात्र तो दीर्घच राहतो.