तीन गुंठ्यांत गाळे काढायचे तर पार्किंग किती सोडावं लागतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नगरपरिषद हद्दीत तीन गुंठ्यांचा प्लॉट आहे, खाली गाळे काढायचे आहेत, वरचा मजला क्लासेसना द्यायचा विचार आहे. पार्किंग किती सोडावं लागेल, आणि परवानगीपुरतं दाखवून नंतर तिथे आणखी एक गाळा काढला तर चालतं का?

मी तालुक्याच्या गावात नकाशे पास करून घेण्याचं काम करतो. तुमचा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतंच, दुसरा भाग जरा आवाज खाली घेऊन.

आधी नियम. मुंबई आणि आणखी काही वगळलेली क्षेत्रं सोडली तर राज्यात डिसेंबर 2020 पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यात पार्किंगचा तक्ता आहे. दुकानांसाठी हिशोब दर 100 चौरस मीटर कार्पेट एरियावर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर होतो. किती कार आणि किती दुचाकी ते तक्त्यात असतं, आणि येणाऱ्या आकड्याला तुमच्या शहराच्या वर्गाप्रमाणे गुणक लागतो. म्हणून पुण्यातल्या मेहुण्याने सांगितलेला आकडा तुमच्या नगरपरिषदेत धरू नका. नियमावलीत दुरुस्त्या होत राहतात, तेव्हा तुमच्या इंजिनिअरकडून आजचा तक्ता काढून घ्या.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं म्हणजे हिशोब कार्पेटवर असतो, एफएसआयवर (प्लॉटच्या प्रमाणात मिळणाऱ्या बांधकामावर) नाही. 100 चौरस मीटरचा एक टप्पा, त्याचा थोडासा भाग जरी वर गेला तरी पूर्ण टप्पा धरतात, त्यामुळे 298 आणि 305 चौरस मीटर यांत एका टप्प्याच्या गाड्यांचा फरक पडतो. सात चौरस मीटरच्या हौसेपायी गाड्या वाढवून घेऊ नका. दुसरं म्हणजे वापर. दुकान, हॉटेल, दवाखाना, शिकवणी यांच्या ओळी तक्त्यात वेगवेगळ्या आहेत. ‘व्यापारी’ एवढंच लिहून मोकळं होऊ नका, वरच्या मजल्यावर क्लासेस येणार असतील तर आत्ताच तसं दाखवा.

आता खरं दुखणं. एका कारचा चौकोन 2.5 मीटर बाय 5 मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. दुचाकीला 1 बाय 2. कागदावर हे गोंडस दिसतं, पण गाडी त्या चौकोनात आकाशातून उतरत नाही, तिला आत यायला आणि वळायला जागा लागते. दिल्लीच्या मास्टर प्लॅनमध्ये याचा प्रामाणिक हिशोब आहे: एका कारमागे उघड्यावर 23, इमारतीखाली 28 आणि तळघरात 32 चौरस मीटर. तुमचा प्लॉट साधारण 303 चौरस मीटर. समजा इमारतीखाली सहा कार आल्या, तर 168 चौरस मीटर त्यातच गेले. उरलेल्यात समोरचं मार्जिन (मोकळी सोडायची जागा), जिना आणि गाळे. म्हणूनच म्हणतो, आधी गाड्या बसवा आणि मग उरेल त्यात गाळे मोजा. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं.

माझीच गोष्ट सांगतो. 2021 मध्ये असंच एक काम होतं. मी दोन कॉलममध्ये दोन कार दाखवल्या, कॉलमचं अंतर सेंटर टू सेंटर, म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंत, पाच मीटर. कॉलम 300 मिलिमीटरचे. भोगवटा प्रमाणपत्राच्या (इमारत वापरायच्या परवानगीच्या) वेळी पाहणीला आलेल्या तरुण इंजिनिअरने टेप काढला, एक टोक माझ्याच हातात दिलं आणि कॉलममधलं मोकळं अंतर वाचलं: 4.66 मीटर. प्लास्टरनेही आपला वाटा घेतला होता. ‘साहेब, इथे एकच कार धरणार.’ अशा तीन जोड्या होत्या, म्हणजे तीन कार गेल्या. शेवटी मागचा एक गाळा पाडून पार्किंगला द्यावा लागला आणि सुधारित नकाशात चार महिने गेले. त्या गाळ्याचं बुकिंग झालेलं होतं, पैसे परत करताना मालकाने माझ्याकडे जसं पाहिलं ते मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून दोन कारसाठी मी सेंटर टू सेंटर 5.4 मीटरच्या खाली जात नाही.

नंतर गाळा काढण्याबद्दल. इमारतीखालचं पार्किंग एफएसआयमध्ये धरत नाहीत. म्हणजे ती जागा तुम्हाला गाड्यांच्या नावावर मिळालेली असते. शटर लावलं की ते विनापरवाना बांधकाम होतं आणि एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा) कलम 53 ची नोटीस येऊ शकते. ‘सगळेच करतात’ हे खरंय, मीही रोज पाहतो. पण तक्रार बहुतेक वेळा शेजारचा गाळेवालाच करतो, कारण त्याच्या दारात तुमच्या गिऱ्हाईकांच्या मोटारसायकली लागतात. शिवाय असा गाळा घेणाऱ्याला बँकेचं कर्ज मिळत नाही, नकाशात तो नसतोच.

नियम छोट्या प्लॉटवर जड पडतो हे मला मान्य आहे. आपल्या गावात गिऱ्हाईक चालत किंवा दुचाकीवर येतं आणि तक्ता मात्र कारही मागतो. न्यूझीलंडने तर 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने शहरी कौन्सिलांना कारची किमान संख्या नियमातून काढायलाच लावली. पण तुमची फाइल आपल्या नगरपरिषदेत जाणार आहे, तिथे वेलिंग्टनचा दाखला चालणार नाही.

एक करा. रविवारी प्लॉटवर चुन्याने कॉलम आखा, स्वतःची गाडी आत घाला, दार उघडून उतरा आणि वळवून बाहेर काढा. दोनपेक्षा जास्त वेळा रिव्हर्स घ्यावा लागला तर नकाशा बदला. प्लॉटची रुंदी आणि समोरचा रस्ता किती मीटरचा ते इथे लिहिलंत तर गाळे किती बसतील याचा अंदाज देतो.