हरित इमारतीचा ताबा मिळाल्यानंतर

प्रश्न : वाकड येथील आमच्या दोनशे सदनिकांच्या सोसायटीला बांधकामाच्या वेळी ‘गृह’ हे हरित इमारतीचे मानांकन मिळाले होते. आता सांडपाणी प्रक्रिया केंद्राची दुर्गंधी खालच्या मजल्यांपर्यंत येते, तिथून शुद्ध होऊन फ्लशला येणारे पाणी पिवळसर असते आणि ओल्या कचऱ्याचे यंत्र धूळ खात पडले आहे. वीजबिल परवडत नाही, तेव्हा दोन्ही कायमचे बंद करावे, असा काही सभासदांचा आग्रह आहे. समितीने काय करावे?
— सचिव, गृहनिर्माण संस्था

उत्तर : ‘टेरी’ या ऊर्जाविषयक संशोधन संस्थेने विकसित केलेले हे मानांकन पाच वर्षांपुरते वैध असते आणि त्यात मुख्यतः आराखड्याचे व बांधकामाचे मोजमाप होते. ताब्यानंतर ब्लोअरच्या (सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राच्या) खोलीत काय चालते, हे प्रवेशद्वारावरची चकचकीत पाटी सांगत नाही.

सर्वांत आधी रात्री ब्लोअर बंद ठेवला जातो का, याची चौकशी करा, कारण वीज वाचवण्याचा हा मार्ग बहुतेक ठिकाणी कोणालाही न विचारता अवलंबलेला असतो. सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू हवेवर जगतात. तासन्‌तास हवा मिळाली नाही की ते मरू लागतात, त्यांच्या जागी हवेविना वाढणारे जिवाणू फोफावतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. सकाळी बटण दाबले म्हणून टाकी लगेच पूर्ववत होत नाही. दिवसा टाकीच्या कडेला उभे राहून पाण्याकडे नीट पाहा. सगळीकडे बारीक, सारखे बुडबुडे दिसायला हवेत. एका कोपऱ्यात पाणी उकळल्यासारखे उसळत असेल आणि बाकीचा भाग निपचित असेल, तर तळातल्या डिफ्यूझरचा, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे करणाऱ्या भागाचा, पडदा फाटला आहे असे समजावे. अशा टाकीत ब्लोअर कितीही वेळ चालवला तरी बिल तेवढे वाढते. डिफ्यूझर बदलून, ब्लोअरचा एअर फिल्टर साफ ठेवून आणि पाण्यातील विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण लिटरला साधारण २ मिलिग्रॅम राहील असा ब्लोअरचा वेग ठरवून जी बचत होते, तीच खरी. फ्लशच्या पिवळ्या पाण्यासाठी वाळूचा फिल्टर उलट्या प्रवाहाने नियमित धुतला जातो का आणि रंग-वास शोषणाऱ्या फिल्टरमधला कार्बन शेवटचा कधी बदलला, हे देखभालीच्या ठेकेदाराला लेखी विचारा. शौचालयात ओतले जाणारे ॲसिड आणि पिण्याच्या पाण्याची टाकी धुताना गटारात सोडलेले ब्लीचिंगचे पाणीही याच जिवाणूंच्या मुळावर येते, हे सभासदांना सांगायला हवे.

सर्वसाधारण सभेत विजेच्या बिलाशेजारी आणखी एक आकडा मांडा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार माणशी रोजच्या १३५ लिटरपैकी ४५ लिटर पाणी फ्लशसाठी धरतात. घरटी चार माणसे धरली तर तुमच्या सोसायटीत हे पाणी दिवसाला ३६,००० लिटर होते, म्हणजे दहा हजार लिटरच्या साडेतीन टँकरांहून अधिक. केंद्र बंद केले तर हे पाणी कोठून आणणार, याचे उत्तर आग्रह धरणाऱ्यांनी द्यावे.

ओल्या कचऱ्याबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी ५,००० चौरस मीटरहून मोठ्या वसाहतींवर ओला कचरा आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. पण त्यासाठी यंत्रच हवे असे नाही. कचरा तापवून वाळवणाऱ्या यंत्रातून एका दिवसात जो भुगा निघतो, ते तयार खत नव्हे. ओल लागली की तो पुन्हा कुजतो. त्यापेक्षा हवेशीर विटांचे हौद, ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर वाळका पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा आणि आठवड्यातून एकदा खालीवर करणारा माणूस हे स्वस्त पडते. मूठभर मिश्रण दाबल्यावर हाताला ओल लागावी, पाणी गळू नये. गळत असेल तर पाचोळा वाढवा.

प्रश्न : गच्चीवर सौर बंब असूनही खालच्या मजल्यांवर गरम पाणी येईपर्यंत दोन बादल्या गार पाणी सोडावे लागते. उपाय आहे का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आहे. गरम पाण्याच्या उभ्या नळावरचे उष्णतारोधक आवरण उन्हाने फाटले असल्यास आधी ते बदला. त्यानंतर खालच्या टोकापासून गच्चीवरील टाकीपर्यंत परतीची एक नळी टाकून तिला टायमरवर चालणारा लहान पंप बसवा. पहाटे काही वेळ पाणी फिरवले की ते तोटीपाशी गरमच मिळते. तोपर्यंत गार पाणी बादलीत धरून वापरावे. बोअरवेलचे पाणी असेल तर बंबातील क्षार वर्षातून एकदा काढून घ्या.