मुलीला घरात पाळणाघर काढायचंय, पण घर तर तुमचं आहे ना

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी २३ वर्षांची, डिग्री झालीय, दीड वर्ष ऑफिसात काढलं आणि आता म्हणतेय नोकरी सोडून घरीच तीन-चार लहान मुलं सांभाळणार, स्वतःचं काम. आणि तुम्ही विचारताय की एवढं शिकून लोकांची पोरं सांभाळायची याला करिअर म्हणायचं का, आणि म्हणायचंच असेल तर कोर्स कुठला.

पहिल्याचं उत्तर झटकन देते. हो, म्हणायचं. पोरं सांभाळणं म्हणजे काय मोठंसं असं ज्याला वाटतं त्याने दोन वर्षांच्या दोन मुलांसोबत एकट्याने एक दुपार काढून बघावी, बाकी वाद घालत नाही.

आता कोर्स. सगळे आधी बालशिक्षणाचा डिप्लोमा शोधायला लागतात, मी म्हणते आधी फर्स्ट एड. तोही लहान मुलांचा, आणि बाहुलीवर हाताने करून घेणारा, व्हिडिओ बघून सर्टिफिकेट देणारा नको. कारण वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकलं, त्याला रडता-खोकता येत नसलं, तर त्याला हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने ५ वेळा जोरात थापटायचं, नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध ५ वेळा दाबायचं, मोठ्यांसारखं पोट दाबायचं नसतं. हे वाचून पाठ होतं हो, पण मूल निळं पडायला लागलं की पाठ केलेलं पळून जातं, हाताला सवय असेल तेवढंच उरतं.

मग बालविकासाचा कोर्स करू दे, सहा महिन्यांचा, वर्षाचा, जो जमेल तो. त्यात काही गोष्टी अशा कळतात ज्या आपल्याला "आम्ही नाही का वाढवली मुलं" म्हणून माहीतच नसतात. बाळाला उताणंच झोपवायचं हे बघा, अमेरिकेत १९९४ मधे त्याची मोठी मोहीम काढली आणि त्यानंतर झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. किंवा एमी पिक्लर, हंगेरीच्या बालरोगतज्ज्ञ, १९४६ मधे बुडापेस्टमधे त्यांनी अनाथ बाळांसाठी घर काढलं, त्यांचा आग्रह असा की डायपर बदलताना घाई नाही, उचलायच्या आधी बाळाला सांगायचं "आता तुला उचलते हं" आणि क्षणभर थांबायचं. मला आधी हे जरा अतीच वाटलं होतं. मग एका पाळणाघरात बघितलं, त्या बाई हात पुढे करून थांबल्या आणि सात-आठ महिन्यांच्या बाळाने स्वतःहून अंग सैल सोडलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला हे सांगत सुटलेय.

कोर्स चालू असतानाच एक-दोन महिने दुसऱ्याच्या पाळणाघरात मदतीला जाऊ दे, पैसे नाही मिळाले तरी चालेल. पुसणं, भरवणं, झोपवणं, परत पुसणं, यातच दिवस जातो हे तिला तिथेच कळेल आणि आवड टिकते का तेही.

धंद्याचं थोडक्यात. नोंदणी लागते का आणि एका वेळी किती मुलं चालतात हे तुमच्या भागातले नियम बघून आधी ठरवा, मग जाहिरात. सुरुवात एकाच मुलाने करायची, ते रुळलं की दुसरं. पालकांशी सगळं लेखी हवं, मूल आलं नाही त्या दिवसाची फी, ताप असेल तर आणायचं नाही, न्यायला उशीर झाला तर काय, न्यायला कोण कोण येऊ शकतं. माझ्याकडे आलेल्या एकीने संकोचापोटी काहीच लिहून घेतलं नव्हतं, सहाला येणारे पालक पावणेआठला यायला लागले, तिला बोलवेना, आणि वर्षभरात तिने कामच बंद केलं. मुलांना कंटाळून नाही हां, पालकांना कंटाळून. स्वतःचं काम म्हटल्यावर भरपगारी रजा नाही, तिलाच ताप आला तर त्या दिवशी मुलं कुठे जाणार हेही आधीच ठरवायचं. विमा आणि हिशोबाची वही पहिल्या दिवसापासून.

आता तुम्ही न विचारलेलं. हे काम तिच्या एकटीचं नाही, अख्ख्या घराचं आहे. काही देशांत तर अशी परवानगी देताना त्या घरात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची पोलिसांकडची माहिती तपासतात, का ते तुम्हीच समजा. म्हणजे हॉल दिवसभर तुमचा नाही, घरात सिगरेट नाही, दुपारी मित्र येऊन बसणं नाही, आणि तुमच्या बीपीच्या गोळ्या उशाशी राहणार नाहीत. हे तुम्हाला आणि वहिनींना मान्य नसेल तर आत्ताच सांगा तिला, दोन मुलं यायला लागल्यावर नाही.

एक करा. येत्या रविवारी मुलीला घेऊन हॉलमधे चक्क गुडघ्यांवर रांगत एक फेरी मारा, दोघांनी. प्लगचे पॉइंट, टेबलाचे कोपरे, सोफ्याखाली गेलेली नाणी दिसतील. रिमोटच्या मागचं झाकण सैल आहे का बघा, आणि वजनकाट्यात, चावीच्या रिमोटमधे ते बटणाएवढे चपटे सेल असतात ते शोधा, गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. सापडलेलं सगळं वहीत लिहा आणि ती यादी घेऊन दोघं मला भेटायला या.