माल भरण्याआधी विकून बघा

"माझी कल्पना आवडली का?" असं विचारत फिरू नका. तोंडावर नाही म्हणणं बहुतेकांना जड जातं, आणि तसल्या होकारावर भांडवल लावणं मला फार धोक्याचं वाटतं. त्याऐवजी विचारा: ही अडचण शेवटची कधी आली? तेव्हा काय केलंत? किती पैसे गेले? वह्या, एक्सेल, ओळखीपाळखी असं काहीबाही जोडून जो आज कसंबसं भागवतोय, तो तुमचा खरा ग्राहक. नुसती तक्रार करणारा सहसा खिशात हात घालत नाही.

स्पर्धक दिसले तर खचू नका, मागणी असल्याची ती खूणच आहे. त्यांचे दोन-तीन ताऱ्यांचे अभिप्राय मन लावून वाचा. एका ताऱ्यात बरेचदा नुसता राग असतो, दोन-तीन ताऱ्यांत नेमकं काय कमी पडलं ते सापडतं. लोक गूगलवर काय किती शोधतात ते दाखवणारं गूगल ट्रेंड्सही बघा, पण तिथले ० ते १०० आकडे सापेक्ष असतात, त्यावरून विक्री मोजू नका.

१९९९ मध्ये झॅपोस या ऑनलाइन बूट विकणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या निक स्विनमर्न यांनी दुकानांतल्या बुटांचे फोटो वेबसाइटवर टाकले. ऑर्डर आली की तेच बूट विकत घेऊन पाठवायचे. तुम्हीही नफ्याचं नंतर बघा. अनोळखी माणूस पैसे देतो का, हे आधी तपासा.